आजारपणाचे दिवस

नाशिकची ती मुलगी आमच्या टीममध्ये आली, तेव्हा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या त्या कंपनीत माझी अकरा वर्षं झाली होती. माझा तिथे राहण्याचा परवाना कायमचा होता. तिचा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर परत.

मार्चमध्ये तिची कंबर धरली. खुर्चीतून उठवेना.

"ताई, आजारी म्हणून कळवू का?"

"वेडी आहेस का? करार वाढायचाय अजून. सुट्टी टाक."

मी स्वतः अंगात ताप असला तरी गोळी घेऊन कामावर जाणारी. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत हेच शिकले आणि इथले नियम कधी वाचले नाहीत. तिनं ऐकलं. दर दुखण्याला हक्काची सुट्टी टाकत गेली. ऑक्टोबरात एकही दिवस उरला नाही.

नोव्हेंबरात तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. ती बिनपगारी रजा मागायला गेली, मला सोबत घेऊन. एचआरच्या डच बाईनं स्क्रीन आमच्याकडे वळवली. परवान्यासाठी जेवढा पगार लागतो, बरोबर तेवढाच तिचा होता. आठवडाभराचा कापला तरी परवाना धोक्यात. पगारवाढ तिनं कधी मागितली नव्हती. 'परवाना कायमचा होईपर्यंत गप्प बस', हेही माझंच सांगणं.

"पण सुट्ट्या कुठे गेल्या?" बाईनं विचारलं.

"कंबर दुखत होती."

"मग आजारी आहे असं का नाही कळवलं? ते दिवस सुट्टीतून जात नाहीत. पगारही कापला जात नाही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीच टेबलाकडे बघत बसले.

तातडीची म्हणून दोन दिवसांची भरपगारी रजा मिळाली. शनिवार-रविवार जोडून ती गेली. दीड दिवस आईजवळ बसली आणि सोमवारी रात्री परत निघाली. ती परतल्यावर नवव्या दिवशी आई गेली. अंत्यसंस्कारासाठी मात्र लगेच रजा मिळाली. तसा नियम होता.

जानेवारीत मला फ्लू झाला. मी फोन करून आजारी असल्याचं कळवलं. मॅनेजर म्हणाला, लवकर बऱ्या व्हा. अर्धं मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळी ती मुगाची खिचडी घेऊन आली. चपला काढायच्या आधी तिनं विचारलं, "ताई, कळवलंत ना?"

"कळवलं," मी म्हटलं आणि डबा हातात घेतला.