पाणी आणायला गेलेली मी

सुरुवातीलाच सांगते, मी लिंबू-मिरचीवाल्यांतली नाही. अमावस्येला केस धुते, शनिवारी नखं कापते, आणि मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ देते, कारण त्यालाही कामं असतात. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत मी क्वालिटी लॅबमध्ये केमिस्ट आहे. जे बाटलीत धरता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. या ग्रुपवरचे तुमचे अनुभवसुद्धा मी आजवर जेवणाच्या सुट्टीत हसायला म्हणून वाचायचे... सॉरी, पण खरं ते खरं. आता हसायची पाळी तुमची. हसा बिनधास्त.

तर जागा नीट सांगते. अंबरनाथ पूर्व. शिवमंदिराकडे जाणारा रस्ता आहे ना, त्याच्या अलीकडच्या एका गल्लीत आमची सोसायटी. चार मजले, लिफ्ट नाही. शेजारच्या जुन्या बंगल्यातला आंबा आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत अर्धा घुसलेला. खाली पिठाची गिरणी, कोपऱ्यावर भाजीवाल्या बसतात, पुढे छोटा बाजार आणि मग देऊळ. वारा फिरला की वालधुनी नदीचा वास येतो, तोही सांगते, नाहीतर म्हणाल बाई फ्लॅट विकायला निघाली!

पण हे सगळं मला आत्ता माहितीये. तेव्हा काही म्हणजे काही माहीत नव्हतं. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, भाजी-किराणा मोबाइलवरून. आणि रविवारी मी आणि माझा नवरा निनाद बदलापूरला टॉवरमधले सॅम्पल फ्लॅट बघत हिंडायचो. क्लबहाउस, जॉगिंग ट्रॅक, स्विमिंग पूल. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही, ते सोडा.

अशात गावाहून सासूबाई आल्या. मी त्यांना आईच म्हणते. संगमेश्वराकडचं घर. सासरे गेल्यापासून तिथे एकट्या, त्यात बीपी वाढलेलं, म्हणून निनाद त्यांना घेऊन आला. पण त्या काही रमेनात. दिवसभर खिडकीशी बसून आंब्यावरचे कावळे बघायच्या. बोलणं कमी, जेवण त्याहून कमी. एक दिवस निनाद म्हणाला, "आई, बाहेर पड ना जरा, राहून तर बघ."

तर म्हणाल्या, "इथं तुम्हीच राहत नाही, मी कुठे राहू?"

त्यानंतर आठवडाभरात त्यांनी जाहीर केलं की गावी परत जायचं. निनादचं तोंड एवढंसं झालं. मला विचाराल तर मलाही त्या जायला नको होत्या. बाई कडक आहे, पण मला फार आवडते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे 'आई' अशी हाक मारायला मला त्याच एक. तरी मी "नका जाऊ" म्हटलं नाही. म्हटलं, त्यांचं आयुष्य, त्यांचा निर्णय, आपण कोण अडवणारे? मला वाटायचं, हाच मोठा समजूतदारपणा आहे. तिकीट काढलं, बॅग भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं.

आणि आदल्या दिवशी ते झालं.

त्या दिवशी जांभूळ गावाच्या बाजूला पाइपलाइनचं काम निघालं होतं. एमआयडीसीचं पाणी बंद, म्हणून दुपारी जेवणानंतर प्लांटला सुट्टी दिली. मी रिक्षा करून घरी आले. दाराला कुलूप. माझ्या चावीने उघडून आत गेले तर आई नाहीत. त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. बॅग तशीच कोपऱ्यात. माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं हो! या बाईने तीन महिन्यांत गिरणीपलीकडे पाऊल टाकलेलं नाही, बाहेर मार्चचं रणरणतं ऊन, त्यात बीपी. कुठे चक्कर येऊन पडल्या असतील तर?

धावत खाली आले आणि वॉचमनला विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, माताजी तो आपके साथ गयी ना!"

"मेरे साथ? मैं तो अभी आ रही हूँ ड्यूटी से!"

"नहीं नहीं, सुबह आप ही लेके गयी. पीला ड्रेस पहना था आपने. मुझे बोला भी, भैया, आज गर्मी बहोत है, पानी पीते रहो."

मी म्हटलं, हा ड्यूटीवर घेऊन बसलाय. त्याच्याशी डोकं लावायला वेळ नव्हता. कोपऱ्यावर हिराबाय म्हणून एक आगरी भाजीवाली बसते. तिचं नाव मला त्या दिवशी कळलं, पण तिला माझं आधीच माहीत होतं.

"क गो प्राची, काय राहिला का?"

मी चाट. म्हटलं, "मावशी, माझ्या सासूबाईंना पाहिलंत का? पांढऱ्या केसांच्या, उंच..."

"अगो बाय, मना काय इचारतेस? तूच तं होतीस संगती! शेवग्याच्या शेंगा घेतल्यास, घासाघीस करून माझा जीव खाल्लास. नि माझे पोरीला सायन्स शिकवीन म्हनालीस, आईतवारपासून. इसरलीस का लगेच?"

घासाघीस? मी? मला तर फिक्स रेटच्या दुकानातसुद्धा लाज वाटते. पण शेंगा खरंच घेतलेल्या होत्या, कारण हिराबायने जुडी बांधून बाजूला ठेवलेली, "परत येताना नेते बोललीस" म्हणून. मी ती जुडी घेतली आणि पुढे पळाले. का घेतली, विचारू नका.

पुढे लछूअंकलचं पापड-लोणच्याचं दुकान. म्हातारे सिंधी गृहस्थ, उल्हासनगरहून रोज इथे येऊन दुकान उघडतात. मी नुसती दिसले तर हात वर करून ओरडले, "अरे साईं, मम्मीजी को कहाँ छोड़ा?"

मला रडूच कोसळलं. "अंकल, मम्मीजी मिल नहीं रही..."

"कैसे नहीं मिल रही? तुम्हारा ही तो हाथ पकड़ के बैठी थी यहाँ. मैंने पापड खिलाया, पानी पिलाया. मम्मीजी ने पूछा, पापड के साथ पानी क्यों? मैंने बोला हमारे में ऐसा ही करते हैं. कितना हँसी!"

आई हसल्या? तीन महिन्यांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. अंकलनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "बेटा, धूप लग गयी है तुमको. वो उधर गयी, बांगडीवाली के पास. तुम्हारे साथ." शेवटचं 'तुम्हारे साथ' त्यांनी जरा जपून म्हटलं, वेड्याशी बोलतात तसं.

बांगडीवाली आपा दुकानाच्या पायरीवरच बसलेली. माझ्याकडे नाही, थेट माझ्या हातांकडे बघितलं तिने. "हाय अल्ला, दीदी! अभी तो भरी थी. इतक्यात उतरवल्या?"

माझे हात मोकळे. लॅबमध्ये काचेच्या बांगड्या चालत नाहीत, लग्नानंतर कधी घातल्याच नाहीत मी.

"आपा, मी तुमच्याकडे आलेच नाही कधी."

"मज़ाक कर रही क्या? सासूबाई नको नको करत होत्या, माझे मालक नाहीत, मला कशाला म्हणून. तुम्हीच हट्ट धरला, त्या भरतील तरच मी भरीन. और आपके हाथ पे वो जला हुआ निशान है ना घड़ी के नीचे, तिथून मी किती जपून चढवल्या!"

मंडळी, तिथे मात्र माझ्या अंगावर काटा आला. डाव्या मनगटावर ॲसिडने भाजल्याचा डाग आहे माझ्या. तो दिसू नये म्हणूनच मी रुंद पट्ट्याचं घड्याळ घालते. त्या क्षणीही ते हातात होतं, त्यावर ॲप्रनखाली घालायचा फुल बाह्यांचा शर्ट. आणि सकाळपासून मी लॅबमध्ये होते, माझे साहेब समोर उभे राहून माझ्या सॅम्पलवर कटकट करत होते. मग या बाईने माझं मनगट पाहिलं कधी?

"कुठे गेल्या त्या?" एवढंच विचारलं मी.

"मंदिर. आप ही बोली, चला आई, देवळात बसू."

शेंगांची जुडी काखेत मारून मी देवळाकडे धावले. रस्त्यात दोन रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. देवळाच्या आवारात शिरले तर झाडाच्या सावलीत, कट्ट्यावर, आमच्या आई मजेत पाय हलवत बसलेल्या. मी ओरडलेच, "आई!"

त्यांनी मान वळवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगो, पाणी आणायला गेलीस नि ड्रेस बदलून आलीस?"

मी गरकन वळून सगळीकडे पाहिलं. फोटो काढणारी चार पोरं, फुलांच्या टोपलीशी पेंगणारी म्हातारी. पिवळं काही म्हणजे काही नाही. मी जाऊन आईंना गच्च मिठी मारली आणि ढसाढसा रडले. त्यांच्या हातातल्या बांगड्या माझ्या कानाशी वाजल्या. जांभळ्या, काचेच्या.

परतताना रिक्षात आई त्या बांगड्यांवरून बोट फिरवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "गावी कुणी तोंडावर काही बोलणार नाही गो. पण पाठ वळली की बोलतील. चार दिवसांत मीच उतरवून ठेवीन. इथे त्या आपाने एकच विचारलं, रंग कुठला देऊ?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "निनादला सांग, तिकीट नको. एवढ्यात नाही जात."

मी रिक्षातूनच निनादला फोन करून तिकीट रद्द करायला सांगितलं, बाकीचं पोटातच ठेवलं. खरं सांगितलं आणि घाबरून गेल्या परत तर? घरी येऊन आधी कपाट उघडलं. पिवळा ड्रेस आहे माझ्याकडे, दिवाळीत घेतलेला, 'चांगल्या कार्याला घालू' म्हणून ठेवलेला. जागच्या जागी होता. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

पुढचे दोन महिने माझी जी वरात निघाली म्हणता! ती जी कोण होती, तिने माझ्या नावावर काय काय कबूल करून ठेवलं होतं. हिराबायची पोरगी रविवारी वह्या घेऊन दारात. लछूअंकलना त्यांच्या नातवासाठी 'आमच्या कंपनीत विचारते' असा शब्द दिलेला. गिरणीवाल्याच्या बायकोला माझ्याकडून उकडीच्या मोदकांचे धडे हवे होते. मला स्वतःला उकड येत नाही! शेवटी आईंनी आम्हा दोघींना शिकवली. शनिवारी आई आणि मी बाजारात जायचो, तर दहा मिनिटांच्या रस्त्याला दीड तास. प्रत्येक जण थांबवणार. निनादने एकदा टॉवरचं नवं ब्रोशर आणलं, तर आईंनी त्यावर शेंगा निवडल्या. मग तो विषय परत निघाला नाही.

मी माझ्या परीने तपासून पाहिलं. माझ्यासारखी दिसणारी कुणी? अख्ख्या पूर्वेत कुणाला दिसलेली नाही, आणि तो डाग तिला कुठून आला? गल्लीतल्या कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं, तर कळलं तो नुसताच शोभेचा आहे, चोरांना भीती वाटावी म्हणून. लॅबमध्ये एखादी चाचणी जमली नाही तर मी रिमार्क्समध्ये 'कारण अज्ञात' लिहिते आणि साहेबांच्या शिव्या खाते. इथेही तेच लिहिलंय समजा. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

पण परवाच्या शनिवारी मला राहवलं नाही. बाजारातून येताना म्हणाले, "आई, एक सांगायचंय. त्या दिवशी तुमच्याबरोबर... ती मी नव्हते."

त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "माहितीये. तू इतकं हळू चालतेस कधी?"

"म्हणजे? कधी कळलं?"

"देवळात तू धावत आलीस तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस? मला वाटलं, खरं सांगितलं तर मला डॉक्टरकडे नेशील." हसल्या, आणि मग एकदम गंभीर झाल्या. "भीती नाही वाटली गो. मायेची होती. बांगड्या भरताना माझा हात धरून म्हणाली, आई, जाऊ नका. मला तेव्हा वाटलं, आमच्या प्राचीला एवढे दोन शब्द बोलायला तीन महिने लागले. मग कळलं, ती तूही नव्हतीस."

भर रस्त्यात, गिरणीसमोर, दोन्ही हातात पिशव्या, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय... मी म्हटलं, "आई, जाऊ नका. कधीच."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी मीच आहे ना, याची खात्री करून घेतली बहुतेक.

"बरं," म्हणाल्या, "मग सोमवारी रजा टाक. माझ्या आधार कार्डावरचा पत्ता बदलून घेऊ."