कार्डावरचं आडनाव

ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं देवासच्या एका चामड्याच्या कारखान्यात काढली. नमुने करायच्या खात्यात होते. ग्राहकाला दाखवायची पर्स किंवा बॅग आधी ह्यांच्या हातून तयार व्हायची, ती पसंत पडली की बाकीचा माल मशीनवर जायचा. मग ते खातंच बंद झालं. बरोबरीचे लोक कुणी इंदूरला गेले, कुणी घरी बसले. हेही घरी बसले, पण जेवायच्या टेबलावर जाड काच टाकून, चामडं कापायची रापी हातात घेऊन. तेव्हापासून आमच्या घराला चामड्याचा आणि मेणाचा वास लागला. पाहुणे आले की मी उदबत्ती लावायचे. एरवी मला तो वास आवडायचा.

पाकिटं, पट्टे, डायरीची कव्हरं असा माल होता आणि तो बरा खपत होता. इंदूरच्या हस्तकलेच्या मेळ्यात स्टॉल मिळाला, तेव्हा माल हातात घेऊन बघणारा प्रत्येक जण शेवटी विचारायचा, "भिया, कार्ड है क्या?" हे कागदाच्या चिटोऱ्यावर नंबर लिहून द्यायचे. मुलीला त्याची लाज वाटायची.

कार्ड तिनंच करायला घेतलं. ती तेव्हा कॉलेजात डिझाइन शिकत होती. मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. शाळा सगळी हिंदीत झालेली. त्यामुळे कार्डाची एक बाजू इंग्रजी आणि एक हिंदी असं ठरलं. तिनं कडेनं शिलाईच्या टाक्यांची बारीक रेघ काढली, पाकिटाला असते तशी. ह्यांनी कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढून ती निरखून पाहिली.

"एवढे सरळ टाके मशीनचे असतात," हे म्हणाले. "हाताचा टाका जरा तिरपा पडतो."

तिनं बसून एकेक टाका तिरपा केला. मधोमध आमचं आडनाव आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'लेदर क्राफ्ट'. आडनाव घालायचं हे ह्यांचंच म्हणणं. मी सुचवलं होतं, एखादं वेगळं छानसं नाव ठेवू या.

"इतकी वर्षं केलेल्या एकाही वस्तूवर माझं नाव नव्हतं," हे म्हणाले. "आता असू दे."

छापखाना आमच्या घरापासून जवळच होता. पहिला नमुना छापून आला तो बघून मुलगी रडकुंडीला आली. तिनं निवडलेला चॉकलेटी रंग कागदावर वांग्यासारखा जांभळा उतरला होता. प्रेसवाल्यानं तिला समजावलं, "बेटा, स्क्रीन पे उजाला रहता है, कागज पे स्याही. फरक तो आएगा." दुसऱ्या खेपेला ती घरून चामड्याचा एक तुकडाच घेऊन गेली आणि मशीनशेजारी उभी राहून रंग जुळवून घेतला. कागदही जाड, खरखरीत निवडला. कार्डांचा डबा घरी आला त्या दिवशी ह्यांनी पहिलं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, काढून बघितलं, परत घातलं.

हे मूळचे धारचे. वाडवडील दरबारच्या चाकरीत होते. आता मामंजी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, धाकटे भावजी गंधवानीला शाळेत मास्तर. दरबार गेला तरी त्याची अदब त्या घरातून गेली नव्हती. आपला मोठा मुलगा काय काम करतो हे मामंजींना चांगलं ठाऊक होतं, पण कुणी विचारलं तर ते सांगायचे, "देवासला कंपनीत आहे." सगळं त्या एका शब्दाखाली झाकलेलं राहायचं. कार्डानं तेवढंच केलं, झाकण काढलं.

आम्ही तिघं धारला गेलो तेव्हा ह्यांनी ते मामंजींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या, कार्ड स्टुलावर ठेवलं. मग उठून मोरीत गेले आणि हात धुऊन, पंच्याला पुसत परत आले. कागद होता तो. त्याला चामडं लागलंसुद्धा नव्हतं. माझी मुलगी त्यांच्या ओल्या हातांकडे बघत राहिली.

"हे आडनाव माझंही आहे," मामंजी म्हणाले. "छापण्याआधी विचारलं होतंस?"

"माझंही आहे, बाबा."

"नोकरी केलीस ती पोटासाठी. त्यावर कुणी बोललं नाही. पण असला धंदा मांडून वर घराण्याचं नाव? ती कामं करणारे लोक वेगळे, आपण वेगळे."

"मीच करतोय ना ती," हे म्हणाले. "मग मी कोण?"

आतून जाऊबाईंनी पानं वाढल्याचं सांगितलं आणि सगळे उठून जेवायला गेले.

त्या सुमाराला भावजींच्या मुलीचं लग्न ठरत होतं. उज्जैनचं मराठी घर होतं, पत्रिका जुळली होती, मुला-मुलीची पसंती झाली होती, साखरपुड्याची तारीख तेवढी धरायची होती. ही पुतणी आणि माझी मुलगी एका वयाच्या, माझी काही महिन्यांनी मोठी म्हणून तिची ताई. उन्हाळ्याच्या सुट्या दोघींनी धारला एकाच अंथरुणावर लोळत काढलेल्या. साखरपुड्याला काय नेसायचं ह्यावर दोघींचे रोज फोन चालायचे.

पुढच्या मेळ्यात त्या उज्जैनच्या मुलाची आत्या आमच्या स्टॉलवर आली. आम्ही तिला ओळखत नव्हतो. तिनं एक पर्स घेतली, कार्ड घेतलं, आडनाव वाचून विचारलं, "धारचे का तुम्ही?" हे खुशीत हो म्हणाले. मग नात्याची ओळख निघाली, हसणं-बोलणं झालं, ह्यांनी आग्रहानं तिला चहा पाजला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उज्जैनहून निरोप आला की पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, त्यात दोष निघाला. आम्हाला हे भावजींच्या फोनवरूनच कळलं. ह्यांच्या फोनचा आवाज मोठा, शेजारी उभं राहिलं की सगळं ऐकू येतं.

"दादा, पत्रिकेचं नुसतं सांगायला आहे," भावजी म्हणाले. "त्यांच्या आत्यानं तुमचं कार्ड नेलं घरी. चामड्याचं काम करतात त्या घरची मुलगी नको, म्हणतात."

तिकडून फोन ठेवला गेला तरी हे तो कानाशी धरून उभे होते.

मुलीनं पुतणीला फोन लावला. पुतणी एवढंच म्हणाली, "कार्ड तूच बनवलंस ना?" आणि बंद केला. माझी मुलगी त्या दिवशी जेवली नाही. मी तिला समजवायला बसले, पण काय सांगणार? कार्ड तिनंच बनवलं होतं आणि चांगलं बनवलं होतं.

मामंजींनी ह्यांना धारला बोलावून घेतलं. मीही गेले. फार बोलणं झालंच नाही. "नाव काढ," मामंजी म्हणाले. हे म्हणाले, "काढतो." भावजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं हे भांडतील. निदान त्या दिवशी विचारलं तसं काहीतरी विचारतील. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "एवढ्यात हो म्हणालात?"

"पोरीचं लग्न आहे," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मुलीनं फाइलला हात लावायला साफ नकार दिला. मग हे प्रेसवर गेले. "नाम हटा दें? नाम से ही तो आदमी पहचानता है, भिया," प्रेसवाला म्हणाला, पण त्यानं हटवलं. नवीन कार्डावर वर नुसती चॉकलेटी मोकळी जागा आणि खाली, जिथं होतं तिथंच, 'लेदर क्राफ्ट'. कुणाचं, ते कळायची सोय नव्हती. जुनी कार्डं उरली होती ती एका रविवारी ह्यांनी टेबलावर घेतली आणि रापीनं कापायला सुरुवात केली. एकेक गठ्ठा काचेवर ठेवायचा, पातं टेकवायचं, दाबायचं. रद्दीत टाका म्हटलं तर म्हणाले, कुणाच्या हाती लागायला नको. मुलगी दारात उभी राहून बघत होती. सगळी कापून झाल्यावर ती केरसुणी घेऊन आली आणि तुकडे भरून घेऊन गेली.

पुतणीचं लग्न पुढं रतलामला झालं. पत्रिका आमच्याकडे पोस्टानं आली. निमंत्रकांत मामंजी, भावजी, चुलतचुलत कोण कोण होतं. ह्यांचं नाव नव्हतं. ह्यांनी ती सावकाश वाचली आणि देवापुढं ठेवली. मुलीला पत्रिकेतलं मराठी लावायला वेळ लागला, पण लागलं.

"नुसतं आडनाव काढायला सांगितलं होतं ना?" ती म्हणाली.

लग्नाला मी एकटी गेले. जाऊबाईंनी माझी ओटी भरली, आग्रह करून वाढलं. कुणी वावगं बोललं नाही.

ह्यांनी मेळ्याला जाणं हळूहळू सोडलं. उगाच कुणी ओळखीचं भेटेल, म्हणायचे. ऑर्डर आली तर करायचे, पण हात पूर्वीसारखा चालत नव्हता. एक बॅग चार-चारदा उसवून शिवायचे. शेवटी पिथमपूरला एका कारखान्यात लागले. मोटारींच्या सीटांवर रेक्झिनची कव्हरं चढवतात तिथं तपासणीचं काम. पहाटेची बस, आल्यावर जेवण, झोप. मुलगी पुण्याला नोकरीला गेली. सणाला देवासला येते, धारला जात नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतणी अचानक आमच्याकडे आली. नवऱ्याचं इंदूरला काही काम होतं, तो हिला सोडून पुढं गेला होता. अंगानं उतरली होती. इकडचं तिकडचं झालं, चहा झाला, आणि कप खाली ठेवताना ती म्हणाली, "काकू, ते कार्डामुळं मोडलं नव्हतं."

मी उचललेला ट्रे परत खाली ठेवला.

"त्या आत्यांनी घरी जाऊन पर्स दाखवली, ती सगळ्यांना आवडली होती. त्यांनीच कौतुकानं बाबांना सांगितलं, काकांनी चहा पाजला म्हणून. मोडलं ते गाडीवरून. त्यांनी गाडी मागितली होती. बाबा आधी हो म्हणून बसले, मग जमेना. गावात ते कसं सांगणार? आईनं मला दिवाळीत सांगितलं. मी तर ताईशी तेव्हापासून..."

ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण मनापासून ठेवला असं म्हणवत नाही. माझ्या मुलीचा नंबर तिला हवा होता, तिच्याकडचा लागत नव्हता. मी म्हटलं, तिला विचारून देते.

संध्याकाळी हे आले. जेवायला बसल्यावर मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. भाकरीचा तुकडा ह्यांच्या हातात तसाच होता.

"धारला बाबांना माहीत होतं?" ह्यांनी विचारलं.

"ते मी विचारलं नाही," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. ताटातलं संपवलं, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि सकाळच्या पाळीचे कपडे खुर्चीवर काढून ठेवायला लागले.