विमलाने पालथा घालायला लावलेला पंख

विमला परब सव्वीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात बसच्या बॉड्यांना रिवेट ठोकत होती. रिवेट नीट बसला की नाही, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. कारखाना बंद पडल्यावर सर्वेश नावाच्या इंजिनियरने तिला अंधेरीतल्या आपल्या गाळ्यात कामाला बोलावलं. तिथे तो स्वतःच्या हाताने दोन माणसांचं विमान बांधत होता. गडी हुशार, पण भारी घाईचा.

विमान होत आलं आणि त्याच्या डोक्यात आलं, पंख दोन-दोन फूट वाढवू, म्हणजे थोडक्या धावेत उठेल. विमलाने पत्रे ठोकून दिले, पण पंखाच्या आतल्या तुळईवर बोट ठेवलं.

"वाढवलंस शेंड्याक, भार येतलो मुळाक. थंय जाड पट्टी नको?"

"काकी, कम्प्युटरवर सगळं बसतंय. रविवारी उडवतोय मी."

तिची खात्री पटावी म्हणून त्याने शेजारच्या गाळ्यांतली दहा माणसं आणली, मुळाशी एक, शेंड्याखाली एक अशा दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या पंखावर उभी केली आणि फोटो काढला. पंख ढिम्म. सगळे खूष.

विमलाने चहाचा गिलास खाली ठेवला. "उतरा रे. सर्वेश, वर गेल्यार विमानाक कोण उचलून धरता?"

"हवा."

"खयसून?"

"खालून."

"मगे माणसां वरसून कित्याक चढवलंस? आणि शेंड्याखाली घोडो हवेत कोण धरतलो?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. सर्वेशचे कान तापले. "ठीक आहे. तुमच्या हट्टापायी करतो."

"हट्ट माझो, जीव तुझो."

मग पंख पालथा करून मुळाशी लोखंडी चौकटीला आवळला. शेंडा मोकळा. आता वरून टाकलेली वाळू हवेचं काम करणार होती. दोन्ही पंखांनी मिळून भरल्या विमानाच्या चौपट वजन पेलायला हवं, म्हणजे एका पंखावर पंचवीस किलोच्या अठ्ठेचाळीस गोण्या. विसाव्या गोणीला शेंडा वीतभर झुकला. तिसाव्याला सर्वेश शीळ घालत होता. एकतिसावी ठेवली आणि आतून बारीक टिकटिक आली. सगळ्यांच्या आधी विमलाने हात वर केला, तोवर पंख कडकन मोडून बसला.

पत्रा उघडला तर तुळई मुळाशी दुमडलेली आणि नऊ रिवेट कापले गेलेले. सर्वेश जमिनीवर फतकल मारून बसला. रविवारी हेच झालं असतं, आणि खाली जमीन नसती. दुमडलेल्या तुळईवर बोट ठेवून त्याने विचारलं, "काकी, पट्टी किती जाड?"

दोन महिने गेले. त्याने आकडेमोड पहिल्यापासून केली, तिने दोन्ही पंखांत जाड पट्टीची नवी तुळई ठोकली. पुन्हा गोण्या चढल्या. एकतीस झाल्या, चाळीस झाल्या. अठ्ठेचाळिसाव्याला शेंडा हातभर वाकला आणि तिथेच थांबला. आतून टिकटिक नाही, काही नाही. गोण्या उतरवल्या तसा शेंडा चढत चढत बरोबर आधी भिंतीवर करून ठेवलेल्या खुणेला आला. दुसऱ्या पंखानेही तेच केलं. गाळ्यातल्या माणसांनी टिनाचे पत्रे बडवले.

बदललेल्या पंखाची परवानगी नव्याने मिळाली. घाटावरच्या एका धावपट्टीवर सर्वेशने ठरलेले तास एकट्याने उडवून काढले. मग म्हणाला, "काकी, बाजूची सीट तुमची."

"रव. आधी माका बघू दे."

मुळापासून शेंड्यापर्यंत दोन्ही पंख तिने बोटाने वाजवून पाहिले. मग साडीचा पदर खोचला आणि वर चढून पट्टा आवळला.

"चल, घे वर."