निगेटिव्हवरची खोक

सौंसरच्या तहसिलीबाहेर मी लोकांचे अर्ज लिहीत असे, त्यामुळे माणसाची पारख मला होती. तरीही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून फोटोतला चेहरा साफ करण्याची कला, म्हणजे रिटचिंग, माझ्या मुलीला शिकवील असा गुरू सहा महिने सापडत नव्हता. "पोरीले कायले पायजे हे काम?" असे विचारणारेच फार भेटले.

अखेर मुलीला घेऊन पांढुर्ण्याला गेलो, तेव्हा स्टेशनजवळच्या स्टुडिओत एक मास्तर दिसले. परीक्षा म्हणून मी माझ्याच फोटोची निगेटिव्ह पुढे केली. त्यांनी पेन्सिलीचे टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखे केले, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिले आणि श्वास रोखून माझे देवीचे वण बारीक ठिपक्यांनी बुजवले. तरुणपणी, दोन गावे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीच्या मेळ्यात, पलीकडून आलेल्या दगडाने कपाळावर पडलेली खोक मात्र त्यांनी तशीच ठेवली.

"मास्तर, ही राहिली," मी कपाळाकडे बोट दाखवून म्हणालो.

"गोटमारीची हाय नं, बाबूजी? मांगं एकाची पुसली, तं तो फोटो वापस घेऊन आला. म्हने, मी काय मैदानातून पळून गेल्तो का?"

हाच तो गुरू! मी आनंदाने उठून उभा राहिलो आणि मुलीची शिफारस अस्खलित सुरू केली. मास्तरांनी ती ऐकलीच नाही. तिच्या हाती पेन्सिल देऊन ते म्हणाले, "बस बाई. अन् बाबूजी, तुमी भाईर बसा. उजेड अडवून राहिले."

इतक्या आनंदाने मी कोणाचाही हुकूम आजवर मानलेला नाही.