ओटिलियाची शेवटची ओळ

पेला ती पाण्याने विसळत नसे. वाइनच्या घोटाने विसळायची आणि तो घोट कुंडीत ओतायची. पांढरी शतावरी सोलताना तिच्याशी बोलायची. दुपारी लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर बूट काढून झोपायची. कशालाही छान म्हणायची नाही. फारच आवडलं, तर "चालतंय."

ओटिलिया मावशी गुरुवारी गेली. अजूनही वाटतं, बाकावर झोपली असेल.

माइन नदीच्या वर, उतारावर, तिच्या वडिलांनी लावलेल्या सिल्वानर द्राक्षांच्या वेली आहेत. वाइन अगदी कोरडी; गोडवा नावालाही नाही, मागे ओल्या दगडाची चव. मळा आता तिचा भाचा लोरेंत्स बघतो. येत्या हिवाळ्यात तो या वेली उपटणार होता.

"आत्या, ही वाइन पिऊन लोक तोंड वाकडं करतात."

"तुझ्या लग्नात तुला बघूनही केलं होतं. बायकोने सोडलं का तुला?"

तो हसला. तिने विचारलं, "बुर्कहार्टने दुसरा पेला मागितला, तर वेली राहतील?"

"त्याने? राहतील, जा!"

"हात दे."

बुर्कहार्ट म्हणजे म्हातारा नावाडी. घरची वाइन मिळेल याची खूण म्हणून दारावर हिरवी फांदी टांगून आम्ही अंगणात गिऱ्हाइकं बसवायला लागलो, की पहिला हजर. एक पेला नाक मुरडत संपवायचा, मग बिअर मागायचा.

लोण्यातल्या शतावरीबरोबर ती वाइन खुलते. नदीतल्या ट्राउट माशाबरोबरही. पण बुर्कहार्ट खाणार फक्त 'निळे' सॉसेज, व्हिनेगर आणि कांद्याच्या पाण्यात शिजून निळसर झालेले.

"वाइन बिचारी काय करणार," मावशी म्हणाली. "व्हिनेगर तिचा गळा दाबतंय."

मग तिने आईच्या कृतीला हात घातला. व्हिनेगर थोडं कमी, त्या जागी सिल्वानर. पुन्हा कमी. कांदा अधिक, गाजराची चकती, तमालपत्र. पातेल्यावरची वाफ खिडकीतून अंगणात जायची. तेव्हा उतारावर वेली फुलल्या होत्या. तो वास इतका हलका, की शोधायला गेलं तर हरवतो.

बुधवारी बुर्कहार्टने पाव रश्श्यात बुडवला. घोट घेतला. आणखी एक घेतला.

"काय गं, वाइन बदललीस?"

"नाही."

"मग मी म्हातारा झालो." त्याने पेला पुढे केला. "भर."

मावशीने भरला. लोरेंत्स दारात उभा होता.

"आत्या, राहू देत वेली."

"चालतंय," ती म्हणाली.

फुलोऱ्यात कोंब तारांना बांधावे लागतात, नाहीतर वाऱ्याने मोडतात. वडिलांच्या वेली यंदा तिने बांधल्याच नव्हत्या. जाणाऱ्याला कशाला बांधायचं, म्हणायची. गुरुवारी सकाळी ती सुतळीचा गुंडा घेऊन वर गेली. जेवायला आली नाही. लोरेंत्सला ती शेवटच्या ओळीत सापडली, दगडी बांधाला टेकलेली. बूट काढून शेजारी ठेवले होते.

काल मी वर जाऊन आलो. अर्ध्या ओळीपर्यंत कोंब नीट बांधलेत, तिच्या सैलसर गाठीने. पुढच्या एका वेलीला सुतळीचा एकच वेढा आहे, गाठ नाही. त्यापुढचे कोंब मोकळे आहेत, वाऱ्यावर हलतात.