‘हाड’ नावाचा कुत्रा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतून दरवर्षी दिवाळीनंतर हिमालयात एक तुकडी जायची. सामानाचं मी बघायचे. पाठीवर कोणी काय घ्यायचं ते मी ठरवायचे आणि जास्तीचं काही सापडलं तर गाडीत बसण्याआधीच काढायला लावायचे. समोरच्या ब्लॉकमधला मित्र त्यावरून मला मॅनेजर म्हणायचा. माझ्याच वयाचा, चाळिशीतला, मूळचा मालवणकडचा, बँकेत कॅशियर. सरावासाठी आम्ही मागच्या डोंगरावर पाठीवर विटा घेऊन चढायचो. हा विटांऐवजी शहाळी आणायचा आणि वर जाऊन फोडून प्यायचा. उतरताना ओझं नको, हा त्याचा हिशेब.

त्या वर्षी आम्ही उशिरा निघालो. खिंडीवर पहिला बर्फ पडून गेला होता. शेवटच्या गावात एका विधवा बाईचं चहाचं दुकान होतं. तिच्या दहाबारा शेळ्या आणि त्या राखायला एक काळा, केसाळ कुत्रा. आम्ही निघालो तसा तो मागे लागला. आम्ही सगळे मुंबईकर एका आवाजात ओरडलो, “हाड! हाड!”

त्याला काय कळणार? तिकडची माणसं कुत्र्याला काहीतरी वेगळंच म्हणून हाकलत असणार. तो कान टवकारून उभा राहिला. माझ्या मित्राला तेवढं पुरलं. त्याने खिशातलं ग्लुकोजचं बिस्कीट काढलं, “हाड!” म्हणाला आणि टाकलं.

“लळा लावू नकोस रे त्याला,” मी म्हटलं.

“लळा कुठे लावतोय? हाकलतोय ना! हाड!” आणि आणखी एक बिस्कीट.

“तुझ्या वाटचं देतोयस ना? मी जादा देणार नाही.”

“माझ्याच वाटचं गं बाई. हाड! बघ, किती शहाणा आहे.”

संध्याकाळपर्यंत नुसतं “हाड” म्हटलं की कुत्रा कुठूनही धावत यायचा. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. त्याचं नावच पडलं ते. बर्फ लागल्यावर तो पुढे चालायचा, पाय कुठे ठरतो ते हुंगून थांबायचा आणि आम्ही त्याच्या मागोमाग पाय टाकायचो. रात्री माझ्या मित्राच्या तंबूच्या दाराशी झोपायचा. त्याला परत पाठव, असं मी आमच्याबरोबरच्या पहाडी वाटाड्याला दोनदा सांगितलं. “अपने आप लौट जाएगा,” तो म्हणाला. कुत्रा काही लौटला नाही.

खिंडीच्या माथ्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी रचलेला दगडांचा ढीग होता, त्यावर फाटक्या पताका. तोच तिथला देव. मुलुंडहून नेलेला नारळ मी काढून दिला. माझ्या मित्राने तो ढिगावर फोडला आणि टोपी काढून कोकणातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांका सुखरूप खाली उतरव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही.

“आणि ह्या हाडाक सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

कुत्र्यालाही खोबरं मिळालं. वाटाड्या मात्र हसत नव्हता. तो पश्चिमेकडचं आभाळ बघत होता. म्हणाला, “अब इसको भगाओ. आज-कल में बरफ गिरेगी, फिर गर्मी तक रास्ता बंद. उस पार नीचे के कुत्ते इसको फाड़ देंगे. और उधर बुढ़िया की बकरियाँ बाघ ले जाएगा.”

आम्ही ओरडायला लागलो. काय ओरडणार? तोंडात तेच आलं. “हाड! हाड!” कुत्रा शेपूट हलवत आला. वाटाड्याने त्याच्या भाषेत दटावलं, काठी उगारली, तर तो माझ्या मित्राच्या पायांमागे लपला. कोणीतरी बर्फाचा गोळा मारला. त्याने तो उडी घेऊन तोंडात झेलला आणि आणखी मागायला उभा राहिला.

मी मित्राला म्हटलं, “तुलाच करावं लागेल. आमच्या कोणाच्या मारण्याने तो तुझ्याकडेच पळतोय.”

“मॅनेजर, मला नाही जमणार.”

“लावलायस तू. तोडायचंही तूच. दगड घे.”

“दगड कुठेयत इथे?”

चहूकडे बर्फ. दगड होते ते एकाच जागी. मी ढिगाकडे बोट केलं. नारळाच्या पाण्याने ओला झालेला एक त्याने उचलला. लांबूनच टाकला, मुद्दाम चुकवून. कुत्रा दगड हुंगून आला.

“नीट मार,” मी म्हटलं. “नाहीतर मरेल तो.”

दुसरा पाठीत बसला. कुत्रा केकाटला, वळला आणि आमच्याच पावलांच्या खड्ड्यांतून उतरायला लागला. पन्नासेक हात गेला असेल. मित्राने चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुटपुटल्यासारखं म्हणाला, “जा रे बाबा. जा, हाड.”

त्या थंडीत आवाज लांब जातो. कुत्रा थांबला, वळला आणि धावत वर यायला लागला. आनंदाने.

“तोंड बंद ठेव!” मी ओरडले. “मार!”

त्याने मारला. जवळून, जोर लावून. पुढच्या पायावर बसला तो, आणि तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. कुत्रा केकाटला नाही. माझ्या मित्राकडे बघत राहिला, मग तीन पायांवर खाली गेला. मी म्हटलं, चला, उजेड आहे तोवर उतरायचंय. त्याच रात्री खिंड बंद झाली.

मुलुंडला आल्यावर मित्राने डोंगर सोडला. जिन्यात कुत्रा शिरला तर बाकीचे ओरडायचे, हा बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. मी तरीही म्हणेन, त्या दिवशी दुसरा इलाज नव्हता.

पुढच्या वर्षी मी तुकडी घेऊन त्याच वाटेने गेले. चहाच्या दुकानाशी शेळ्या होत्या आणि दारात तो बसलेला होता, पुढचा एक पाय दुमडून. बिस्कीट हातावर ठेवून मी बोलावलं, “हाड!”

तो उठला आणि लंगडत, मागे न बघता, बाईच्या पाठीमागे दुकानातल्या अंधारात गेला. त्याला आता मराठी येत होतं.

परत आल्यावर मित्राने गॅलरीतूनच विचारलं, “दिसला?”

“दिसला. जिवंत आहे. शेळ्या राखतो.”

“हाक मारलीस?”

“मारली.”

“मग?”

“गेला,” मी म्हटलं, आणि दोरीवरचे कपडे काढायला लागले.