नागमोडी रेघ

हातवाले चाचा माणसाचं तोंड नंतर पाहायचे, आधी हात. बीदरच्या त्यांच्या दवाखान्यात कुणी नाव सांगेपर्यंत त्याचा तळवा उलटासुलटा करून झालेला असायचा. नावं ते विसरत. हात विसरत नसत.

माझा डावा हात त्यांनी पाहिला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मुडबीला आमच्या गुऱ्हाळात उकळता पाक हातावर सांडला होता. जखम भरली, पण करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे ओढून मिटलं. आईला एकच घोर.

"चाचा, ही भाकरी कशी थापंल? हिला कोण करून घेईल?"

"थापंल, अक्का. पहिले मला रेघ मारू द्या."

चाकूआधी ते टाक उचलायचे. माझ्या तळव्यावर त्यांनी शाईने नागमोडी रेघ काढली.

"सरळ कापा की! वाकडं कामून?" आईने विचारलं.

"सरळ कापलं की व्रण सुकताना आखडतो, बोट परत ओढतो. वाकड्याला ताणायला जागा राहते."

भूल उतरली तेव्हा दोन्ही बोटं सरळ, बांबूच्या पट्टीला बांधलेली. जखम भरल्यावर रोज खोबरेल लावून व्रण अंगठ्याने चोळायचा आणि लगेच पट्टी बांधायची, असं तीन महिने. हे त्यांनी आईकडून तीनदा वदवून घेतलं.

पंचमीला कासार आला. सणाला लेकीचा हात भुंडा नको म्हणून आईने पट्टी सोडून हिरव्या बांगड्या भरल्या. मग बांगड्या फुटतील म्हणून पट्टी बांधलीच नाही. पंधरा दिवसांत करंगळी पुन्हा वळली.

आई रडत चाचांकडे गेली. त्यांनी करंगळी ओढून पाहिली आणि सोडली. "हे बोट तुमच्या बांगड्यांनी नेलं. दुसरं मी न्हाई सोडणार." दुसरं वाचलं. पट्टी मीच बांधायला शिकले. आईला हात लावू दिला नाही.

भाकरी करून दाखवल्याशिवाय चाचा कुणा बाईला बरी म्हणत नसत. दवाखान्यामागे चूल आणि परात कायम मांडलेली. माझी भाकरी एका कडेला जाड राहिली, कारण करंगळी टेकत नव्हती. त्यांनी नेमकी तीच कड मोडून चावली. "कच्ची हाय. पण भाकरी हाय. जा घरी."

संस्थान गेलं त्या साली ते लेकीकडे हैदराबादेला निघाले. मी तोवर भालकीला नांदत होते. त्यांच्या वाटेसाठी भाकऱ्या घेऊन मी बीदरला गेले. त्यांची नजर अधू झाली होती, मला ओळखलं नाही. फडकं सोडून त्यांनी भाकरीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मुडबी. गुऱ्हाळ. डावा."

एवढं बोलून ते मोटारीत बसले.

ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चुलीपाशी होते. ऐकलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. व्रणाच्या जागेला अजून चटका कळत नाही. भाकरी उलटताना मी तोच हात पुढे करते.